आईचं तिकीट

"बॅग तिथे ठेवायची, बाई. मांडणीवर." बोटीच्या पोटात, ट्रकच्या गर्दीत आणि डिझेलच्या वासात उभा असलेला दाढीवाला खलाशी माझ्याकडे बघतही नव्हता. नुसता हात करत होता. त्याच्यामागे लोखंडी मांडण्या, आणि प्रत्येक मांडणीवर एकेका बेटाचं नाव. आमच्या बेटाची सगळ्यात खालची, ओली, तिच्यावर कुणाची तरी फुटकी बादली. मी बॅग छातीशी धरली आणि म्हटलं, "ही खाली राहणार नाही." तो म्हणाला, "सगळ्यांच्या राहतात." मी म्हटलं, "सगळ्यांच्या बॅगेत सगळ्यांच्या आया नसतात." मग त्याने पाहिलं. बॅगेचा आकार पाहिला, आतल्या पेटीचे कोपरे कापडातून वर आले होते ते पाहिले, आणि त्याला कळलं. आमच्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याने छातीवर क्रूस काढला, पण हुज्जत सोडली नाही. "बाई, माझ्या आजीला आम्ही मांडणीवरूनच नेली. तिने काही तक्रार केली नाही." "माझी आई करते," मी म्हटलं आणि दोन तिकिटं त्याच्या नाकासमोर धरली. एक माझं. दुसऱ्यावर आईचं नाव, सोफिला, आणि खिडकीजवळची जागा. मागे ट्रकवाला भोंगा वाजवत होता. खलाशी बाजूला झाला. मी जिना चढले, पाय आपटत. राग आला की मी पाय आपटते, अगदी लहानपणापासून.

तो बिचारा काही वाईट वागला नव्हता. पण त्या ओल्या मांडणीने माझ्या डोक्यात काहीतरी उसवलं, आणि जागेवर बसले, आईला खिडकीशी बसवलं, पिरेअसचा धक्का मागे सरकू लागला, तरी ते शिवलं जाईना. याच धक्क्यावर, फाटकाशेजारच्या टपरीत, मी उभा जन्म तिकिटं विकली. लोक यायचे, बेटाचं नाव सांगायचे, मी कागद पुढे सरकवायचे. आमच्या बेटाचं नाव कुणी घेतलं की हात क्षणभर अडायचा, एवढंच. आई दुपारी डबा घेऊन यायची, टपरीच्या काचेला नाक लावायची आणि विचारायची, "आज आपली बोट भरली होती का गं?" भरली होती म्हटलं की तोंड वाकडं करायची, रिकामी गेली म्हटलं की खूश. पण 'आपली' म्हणायची. साठ वर्षांत ती त्या बोटीत पाऊल टाकायला तयार झाली नाही, आणि 'आपली' म्हणायचं सोडायलाही तयार झाली नाही. मीही गेले नाही. परवा मी टपरीत शेजारी बसणाऱ्या स्त्रातिसला दोन तिकिटं काढायला सांगितली, तेव्हा तो डोळा मारून म्हणाला, "दोन? अगं पोपी, या वयात? कोण आहे तो?" "आई आहे," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. मग त्याने माझ्यासाठी सगळ्यात चांगली खिडकी शोधली. माणूस चांगला आहे, नुसती जीभ लांब.

शहरात मेलेल्याला जमीन भाड्याने मिळते. तीन वर्षं संपली की दफनभूमीतून फोन येतो, आणि तो आवाज थेट घरमालकाचा असतो, "जागा मोकळी करायची आहे, येताय ना?" नाही गेलं तर हाडं सगळ्यांच्या हाडांबरोबर एका खड्ड्यात. मी गेले. तिथल्या बाईने माती बाजूला केली, मी हाडं तांबड्या वाइनमध्ये एकेक धुतली, आणि ती बाई शेजारी उकिडवी बसून म्हणाली, "मेणासारखी पिवळी निघालीत गं. पुण्यवान होती." आईच्या मांडीचं हाड माझ्या हातात होतं. मला वाटलं होतं मी रडेन. पण त्या हाडाकडे बघून मला फक्त एवढंच सुचलं, की या हाडाने किती पाणी वाहिलं असेल. हसू आलं असतं तर हसलेही असते. राग मात्र आला, स्वच्छ धुतलेला राग, वाइनच्या वासाचा.

कारण आई दुसरी होती. आमच्या बेटावर घर, शेत, ऑलिव्हची झाडं, आईच्या आईची भांडी, सगळं थोरल्या मुलीला जातं. लग्नाच्या दिवशीच जातं. त्या दिवशी आईबाप आपली अंथरुणं उचलतात आणि अंगणातल्या चुलीच्या खोलीत राहायला जातात. थोरली मोठ्या खोलीतल्या लाकडी माच्यावर झोपते, कोरीव कठड्याआड, वर भिंतीभर ताटल्या मांडलेल्या. आणि दुसरी? दुसरी म्हणजे घरचीच मोलकरीण. तिला पगार नाही, तिचं लग्न नाही. थोरलीची पोरं तिनेच सांभाळायची. आईची थोरली बहीण रिगोपूलामावशी सणाला नाचायला निघायची तेव्हा गळ्यात सोन्याच्या नाण्यांची झूल असायची, चालताना वाजायची. आई सांगायची, "तिची नाणी आधी ऐकू यायची, मग ती दिसायची." देवळाच्या वाटेवर एक ओढा होता. हिवाळ्यात तो वाहायचा, आणि आई मावशीला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायची, मावशीचे बूट भिजू नयेत म्हणून. मावशी आईहून दोन वर्षांनी मोठी आणि चांगली धष्टपुष्ट. मी लहानपणी विचारायचे, "आणि तुझे बूट?" आई म्हणायची, "माझे बूट होते कुठे?" असं सांगून ती हसायची. ते हसणं मला अजून खपत नाही.

मावशीच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आई पळाली. तेव्हा बेटाला धक्का नव्हता, बोट लांब समुद्रात थांबायची आणि माणसांना होडीतून तिच्यापर्यंत न्यायचे. ती होडी वल्हवणारा माझा बाप, परक्या बेटाचा, खिशात दमडी नसलेला. आईने डोक्याच्या रुमालात एक भाकरी बांधली आणि होडीत उडी टाकली. पुढे मी झाले. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं, म्हणून मी कल्लिओपी, लाडाने पोपी. मावशीची थोरलीही कल्लिओपीच, एका आजीच्या नावाच्या दोन पोरी, एक बेटावर आणि एक टपरीत. बापाला आणखी मुलं हवी होती. आई म्हणाली, "नाही. दुसरी झाली तर ती दुसरी होईल." तिने खरंच होऊ दिली नाही. माझ्या आईने आयुष्यात फार मोठ्या गोष्टी केल्या नाहीत, पण एक केली. तिने एका मुलीला दुसरी होण्यापासून वाचवलं, आणि ती मुलगी जन्मालाच आली नाही.

शेवटच्या आजारात तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, देवाचं काही सांगेल. ती म्हणाली, "मला तिथे पुरू नकोस. ते बेट मला नको. पण हाडं निघाली की एक रात्र मला माच्यावर झोपव. एकच. मग परत आण, तुझ्याजवळ." मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बरं काय? मागच्या दाराने नेलंस तर बघ. पुढच्या दाराने." आणि डोळे मिटले. एवढंच मागणं. खिडकीच्या काचेवर मीठ साचत होतं आणि मी त्या पेटीवर हात ठेवून बसले होते. या बाईने जगाकडे एक रात्र मागितली, आणि जग तिला तेही द्यायला का कू करतंय, हा विचार माझ्या डोक्यात गिरणीसारखा फिरत राहिला. झोप अशी लागलीच नाही. सकाळ झाली तेव्हा समुद्र पांढरा झाला होता.

का कू करणारं जग म्हणजे रिगोपूलामावशी. महिनाभर मी तिला फोन करत होते. पहिल्यांदा तिने ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "माच्यावर थोरली झोपते. हे काय मी ठरवलं?" तिसऱ्यांदा मी ओरडले, ती त्याहून ओरडली, आणि मग मध्येच आवाज खाली आणून तिने विचारलं, "हाडं कशी निघाली?" "पिवळी. मेणासारखी." "मेणासारखी," ती पुटपुटली. मी म्हटलं, "काळी निघाली असती तर बरं वाटलं असतं का तुला?" फोन ठेवला तिने. बरं झालं ठेवला, कारण मी आणखी बरंच बोलणार होते. प्रत्येक वेळी तिचा आवाज ऐकताना मला ती बावीस वर्षांची दिसायची, माच्याच्या कठड्याला टेकून उभी, गळ्यात नाणी, पायात कोरडे बूट. म्हातारी झाली असेल हे कळत होतं, पण दिसत नव्हतं.

माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं, आमच्या पुढच्या बेटाचं. म्हातारा माळेचे मणी टकटक वाजवत होता, म्हातारी तीळ लावलेली पावाची कडी खात होती. तिने एक मला दिलं, मग थोडं थांबून दुसरं कागदात गुंडाळून आईच्या बॅगेवर ठेवलं. काही विचारलं नाही. मला त्या बाईचा हात धरावासा वाटला, पण मी नुसतं "देव तुमचं भलं करो" म्हटलं. म्हातारा मात्र शुभ बोलायला जन्मलाच नव्हता. "वारा बघितलात? तुमच्या बेटाला आज बोट लागत नाही." "लागेल," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात तीनदा पुढे निघून गेली. लोक धक्क्यावर हात हलवत राहिले, आणि कप्तान भोंगा वाजवून गेला." "तुम्ही गप्प बसा हो," म्हातारी त्याला म्हणाली, "वाऱ्याला कशाला आठवण करून देता!" तो म्हणाला, "मी काय वाऱ्याचा काका आहे?" आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. वारा जोराचा आहे, आमच्या बेटाला बोट लावायचा प्रयत्न होईल, जमलं नाही तर थेट पुढच्या बेटावर. म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पैज जिंकला.

मी आईला उचललं आणि बाहेर कठड्याशी गेले. वाऱ्याने केस तोंडात घातले. बेट समोर होतं, तपकिरी, उघडं, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये असं. हेच ते? यासाठी एवढं? आणि तरी मला काहीतरी त्याच्याकडे ओढत होतं, आणि त्या ओढीचाही मला राग आला. साठ वर्षांपूर्वी आई याच पाण्यातून होडीने बोटीकडे आली, आज बोटीतून परत निघाली आहे, आणि मध्ये हा वारा उभा राहतोय मावशीच्या वतीने. खिशात फोन वाजला. मावशीच. "कल्लिओपी, बोट लागणार नाही. इथून दिसतंय मला." "लागेल." "लागली तरी दार लागलेलं असेल." "मग तोडीन," मी म्हटलं. "साठीची आहेस, दार कसलं तोडतेस?" "तू उभी राहा दारात. बघ कशी तोडते." वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. मला वाटलं ती हसली. हसली असेल तर अधिकच संताप. ही कोण हसणारी?

बोट वळली, पाठ धक्क्याकडे करून मागे सरकू लागली, नांगराची साखळी खडखडत खाली गेली. वाऱ्याने ढकलून तिला बाजूला नेलं. धक्क्यावरची माणसं छोटी छोटी, दोर झेलायला धावत होती. दोर पडला पाण्यात. बोट पुन्हा पुढे गेली. म्हातारा काचेआडून मान हलवत होता. माझ्या मनात आलं, नाही लागली तर मी पुढच्या बेटावर उतरेन आणि उद्याच्या बोटीने येईन. उद्या नाही तर परवा. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं विकली आहेत, माझ्याकडे तिकिटांना तोटा नाही. येत राहीन, वारा दमेपर्यंत येत राहीन. मी हे मोठ्याने म्हणाले असणार, कारण शेजारी उभा असलेला कालचा दाढीवाला खलाशी म्हणाला, "थांबा हो बाई, कप्तान हट्टी आहे. तुमच्यासारखाच." मग त्याने माझी कपड्यांची पिशवी स्वतःच उचलली, आईच्या बॅगेला हात लावला नाही, आणि म्हणाला, "खाली चला. दार पडलं की थांबायचं नाही, पळायचं." दुसऱ्या वेळी दोर झेलला गेला. बोटीचं मागचं दार धाडकन धक्क्यावर आपटलं, पाण्याचा लोट गुडघ्यापर्यंत आला, आणि मी आईला छातीशी धरून पळाले. साठीची बाई पळते तशीच, पण पळाले.

मागे बोट लगेच सुटलीसुद्धा. धक्क्यावर एक पांढरा टेम्पो उभा होता, आणि त्याच्याशेजारी एक जाडजूड बाई, केस रंगवलेले, नाक माझंच. म्हणजे आजीचं. "पोपी?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कल्लिओपी?" तिने दोन्ही गालांचे मुके घेतले. मी मावशीला शोधत होते. पुढच्या सीटकडे पाहिलं, तिथे अंड्यांचे ट्रे, त्यांच्यावर सीटचा पट्टा घट्ट लावलेला. "मावशी कुठे आहे?" "ती काय मागे," मावसबहीण म्हणाली. टेम्पोच्या मागच्या उघड्या भागात, पिठाच्या पोत्यांवर, काळ्या रुमालातली एक मूठभर म्हातारी फळीला धरून बसली होती. "हट्ट करून आली. अंडी मागे फुटतात, म्हणून ती मागे."

मी वाक्य तयार करून आले होते. पिरेअसपासून घोकत होते. ते मी बहिणीला म्हणाले, वाऱ्यामुळे ओरडूनच, "माझी आई आज माच्यावर झोपेल. कुणी काहीही म्हणो." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग झोपव की. नाही कोण म्हणतंय?" "मावशी म्हणते. महिनाभर म्हणते आहे." बहीण खो खो हसली. "आई? अगं, तिचं आहे का ते घर? माझ्या लग्नाला झालं ना माझं. ती तेव्हापासून चुलीच्या खोलीत. मला विचारायचंस, वेडे! मला कुणी विचारलंच नाही." आणि मी तिथे उभी. लग्नाच्या दिवशी घर थोरलीला जातं आणि आईबाप चुलीच्या खोलीत जातात, हे मला पाळण्यातून पाठ होतं. आजीबद्दल पाठ होतं. पण मावशीच्या बाबतीत मी घड्याळ कधी पुढे केलंच नाही. जिथे माझी आई झोपायची, चुलीच्या उबेला, त्याच जमिनीवर ही बाई माझ्या आईपेक्षा जास्त वर्षं झोपली होती, आणि फोनवर मला अशा घराचं दार लावून दाखवत होती जे तिचं नव्हतं. एवढा जपून आणलेला राग, आता कुठे ठेवू? मांडणी नव्हती त्याला.

"बघतेस काय?" मावशी वरून म्हणाली. आवाज तोच, बंद दाराचा. "सामानातून आणलंस तिला?"

"नाही. खिडकीशी बसून आली."

"तिकीट काढून?"

"तिकीट काढून."

"चैन आहे," ती म्हणाली. मग पोत्यांवर थोडी सरकली. "दे इकडे. इथे ठेव माझ्याजवळ."

"नाही. माझी आई मागे बसणार नाही."

"मग मी काय सिंहासनावर बसलेय?"

ती हे रडून म्हणाली असती तर मी विरघळले असते, आणि नंतर स्वतःवर चिडले असते. ती रडली नाही. नाक वर करून म्हणाली. मी पुढचं दार उघडलं, अंड्यांचा पट्टा सोडला आणि ट्रे एकेक करून मागे नेऊन ठेवू लागले. बहीण ओरडली, "अगं फुटतील! हॉटेलवाल्याला द्यायचीत!" "फुटू देत," मी म्हटलं. "घर तुझं आहे ना? मग माणसं कुठे बसवायची तेही शीक." मग मी मागची फळी पाडली आणि मावशीला हात दिला.

"उतर."

"कशाला?"

"पुढे बस."

"पुढे एकच जागा आहे."

"मांडीवर घे तिला."

मावशीने बॅगेकडे पाहिलं. बराच वेळ. माझी नजर तिच्या बुटांवर गेली. काळे, जुने, पुसून आणलेले. "मला उचलायची सवय नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज दार नसल्यासारखा आला. "माहीत आहे," मी म्हटलं. "पण आता ती जड नाही." तिने माझा हात धरला आणि उतरली. पुढे बसली. मी आईला तिच्या मांडीवर ठेवलं, दोघींवरून मिळून पट्टा लावला, आणि मागे जाऊन पिठाच्या पोत्यावर बसले, गुडघ्यांवर अंड्यांचा एक ट्रे घेऊन. रडले, पण वारा होता, चालून गेलं.

टेम्पो चढणीला लागला. देवळाच्या अलीकडे रस्ता खाली उतरला आणि दगडगोट्यांवरून गेला, तेव्हा मी ओळखलं, हाच ओढा. उन्हाळा होता, ओढा ठणठणीत कोरडा. तरी मागच्या काचेतून मला दिसलं, रिगोपूलामावशीने आईला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं, पलीकडे जाईपर्यंत.